प्रोजेक्टर काढला आणि नाटक उभं राहिलं

हौशी नाटकवाल्यांना हात जोडून विनंती आहे, मोबाईलच्या विषयावर नाटक बसवताना मागे पांढरा पडदा टांगून त्यावर व्हॉट्सॲपचे मेसेज दाखवू नका राव. मी लाईटवाला आहे म्हणून असं बोलतोय असं वाटेल आणि ते थोडं खरंयही, कारण प्रोजेक्टर आला की माझ्या लाईटची वाट लागते, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून मागचा अर्धा स्टेज काळा ठेवायचा आणि नट बिचारे पुढच्या चार फुटांत एकमेकांच्या पायावर पाय देत उभे. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. पडद्यावर अक्षरं उमटली की प्रेक्षक नटाकडे बघायचं सोडतो आणि वाचत बसतो. घरी दिवसभर तेच केलेलं असतं, आता तिकीट काढून हुतात्माला येऊनपण तेच.

(बाहेरगावच्यांसाठी, हुतात्मा म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिर, आमचं नाट्यगृह. सोलापुरात पूर्ण नाव कोणी घेत नाही, "हुतात्माला शो आहे" म्हटलं की झालं.)

आता हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत आपल्याकडे स्पर्धेत नाहीतर युनिव्हर्सिटीच्या युथ फेस्टिवलला जा, दर दुसऱ्या-तिसऱ्या एकांकिकेत कोणीतरी मोबाईल हातात घेऊन रडत असतं. लीक झालेला व्हिडिओ, फेक अकाऊंट, लोन ॲपवाल्यांचे फोन, गेममध्ये घालवलेले बापाचे पैसे, इन्स्टावरचं प्रेम. जुनी मंडळी वैतागतात, म्हणतात आमच्या वेळी विषय मोठे असायचे, हे गाव जब्बार पटेलांचं, अतुल कुलकर्णींचं, दोघं इथल्या शाळेत शिकले, आणि तुम्ही काय स्टेजवर चार्जर शोधायलाय. मला हे पटत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फुकट नेट सुरू झालं तेव्हा आत्ता कॉलेजच्या ग्रुपमध्ये असलेली पोरं चौथी-पाचवीत होती. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात रील्स आले, तेव्हा ही पोरं लॉकडाऊनमध्ये घरात बसून त्याच मोबाईलवर शाळा करत होती. त्यांचं गल्ली, मैदान, भांडण, पहिलं प्रेम, पहिली बदनामी सगळं त्या सहा इंचात झालंय तर ती नाटक कशावर करणार, गिरणीच्या संपावर?

विषय बरोबर आहे. गडबड होते ती बसवताना. बहुतेक नाटकांत मोबाईल हाच व्हिलन असतो, एक भोळी पोरगी असते, एक वाईट पोरगा असतो, मधे एक रडण्याचं मोठ्ठं स्वगत असतं ज्यावर टाळ्या पडतात आणि शेवटी एक पोलीस इन्स्पेक्टर नाहीतर एखादे सर येऊन भाषण ठोकतात की मुलींनो घाबरू नका पुढे या. ब्लॅकआउट. परीक्षक खाली "सामाजिक आशय उत्तम" लिहितात. पण यात ज्यांनी तो व्हिडिओ बघितला, पुढे पाठवला, खाली हसणारी इमोजी टाकली ती शेकडो माणसं कुठे गेली? ती स्टेजवर नसतातच. ती प्रेक्षागृहात बसलेली असतात आणि आपण आपलं सुटलो म्हणून टाळ्या वाजवतात.

आमच्या ग्रुपनं यावर एक दोन अंकी बसवलं, त्याचीच गोष्ट सांगतो.

संहिता ग्रुपमधल्याच एका पोरानं लिहिली. एका मुलीचा फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी फोटोला चिकटवून कोणीतरी कॉलनीच्या ग्रुपवर टाकतं. कोण टाकतं ते नाटकात शेवटपर्यंत कळत नाही, यावर आमच्यात भरपूर वादावादी झाली, लोकांना आरोपी पाहिजे असतो ना. आमच्या डायरेक्टर ताई मात्र अडून बसल्या, म्हणाल्या आरोपी दाखवला की बाकी सगळे निर्दोष सुटतात. पटलं मला.

पहिल्या वाचनाला प्रोजेक्टर होताच. कमेंट्स मागे पडद्यावर टुकटुक उमटणार, मुलगी पुढे उभी राहून थरथरणार. आठवडाभर तसंच चाललं आणि सगळ्यांनाच कळत होतं की काहीतरी फुसकं होतंय. मग एका संध्याकाळी ताईंनी प्रोजेक्टरची वायर काढली आणि पोरांना म्हणाल्या, चला, या कमेंट आता तुम्ही बोला. तिच्याकडे बघून.

सात पोरं होती. ही तीच पोरं जी ग्रुपवर मीम टाकण्यात एक नंबर, कोणाचीही टिंगल करायला मिनिट लागत नाही. पहिल्याच्या तोंडून वाक्य बाहेर पडेना. लिहिलेलं असं काही भयंकर नव्हतं, "नंबर मिळेल का ताई" एवढंच होतं. पण समोर तीन फुटांवर रोज आपल्यासोबत चहा पिणारी पोरगी उभी आहे आणि तिला हे बोलायचंय म्हटल्यावर तो हसायलाच लागला, मग दुसरा बोलला तर व्हिलनसारखे डोळे वटारून बोलला. ताई म्हणाल्या, "व्हिलन करू नकोस रे. हे लिहिणारा माणूस कुठं बसून लिहितोय ते सांग मला." पोरगं म्हणालं, "जेवताना." दुसरा म्हणाला, "संडासात." तिसरा म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक नसलं की."

तिथून पूर्ण सीन बदलला. सातही जण आपापलं काम करत बसले. एक भाकरी-शेंगाचटणी खातोय, एक गाडी पुसतोय, एक पोराला शाळेत सोडायला बूट घालतोय, एक देवासमोर उदबत्ती लावतोय, आणि हे सगळं करता करता अगदी सहज, आवाज न चढवता एकेक वाक्य टाकतात आणि परत कामाला लागतात. त्यात एक मामा आहेत, पांढरा शर्ट, चष्मा, सज्जन माणूस. ते तोच फोटो जसाच्या तसा पुढे पाठवतात आणि वर लिहितात, "अत्यंत निंदनीय प्रकार, कृपया हा फोटो कोणीही फॉरवर्ड करू नये." प्रत्येक शोला यावर सगळ्यात मोठा हशा, आणि लाईट रूममधून मला दिसतं की हसता हसता काही माणसं मधेच थांबतात. तुमच्या ग्रुपवर असे मामा आहेत की नाहीत खरं सांगा.

कमेंट कुठल्या भाषेत याचीपण गंमत झाली. मूळ संहितेत सगळं शुद्ध मराठीत होतं. सोलापुरात कोण बोलतं असं? आमच्या त्या सात जणांत घरी तेलुगू बोलणारे दोघं, कन्नड बोलणारा एक, एकजण घरी दखनी बोलतो. त्यांना सांगितलं आपापल्या तोंडचं करा. माया असेल ती कमेंट आईच्या भाषेत आली आणि घाण कमेंट बरोब्बर हिंदीत. कोणी ठरवून केलं नव्हतं. मला वाटतं घाण दुसऱ्या भाषेत लिहिली की आपण लिहिली नाही असं वाटत असावं माणसाला.

शिव्या मात्र आम्ही आधीच काढल्या होत्या, कारण नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तिथून प्रमाणपत्र आल्याशिवाय प्रयोग करता येत नाही. म्हणजे बघा, तिकीट काढून येणाऱ्या चारशे माणसांसमोर बोलायचं वाक्य आधी सरकारकडून तपासून घ्यायचं आणि तेच वाक्य, त्याच्या दहापट घाण, कुठल्याही शाळकरी पोरीच्या फोटोखाली फुकट. मला सेन्सॉरचं कौतुक नाही, वाढवा असंही म्हणत नाही. फक्त पोरांनी शिव्यांच्या जागी घास चावायला सुरुवात केली, वाक्य अर्ध्यात तोडून भाकरीचा तुकडा तोंडात, आणि ते शिवीपेक्षा वाईट वाटायला लागलं.

आवाजाचं पण सांगतो. आम्ही तालमी करतो तो हॉल पूर्व भागात आहे, शेजारी यंत्रमाग. रात्री आठपर्यंत खटाक खटाक चालू, खिडकी लावली तरी येतं. पहिल्यांदा आम्ही त्याला शिव्या घालायचो. संगीत बघणाऱ्या पोरानं मोबाईलवर मागाचा आवाज रेकॉर्ड केला आणि नोटिफिकेशनच्या टिंग टिंगच्या जागी तो टाकला. पहिली कमेंट आली की एक खटका. मग दोन. मग वेग धरतो आणि शेवटी सगळी शेड चालू झाल्यासारखं. इथे लहानपणापासून हा आवाज ऐकत झोपलेली माणसं प्रेक्षागृहात असतात, त्यांना तो आवाज म्हणजे पगार, चादर, टॉवेल, घर. तोच आवाज अंगावर येतोय म्हटल्यावर काय होतं ते मी वरून बघितलंय.

माझ्या डिपार्टमेंटबद्दल थोडं (एवढं तर चालेल, ब्लॉग माझा आहे). स्टेजवर मोबाईल दाखवायचा तर खऱ्या मोबाईलचा उजेड दहाव्या रांगेपर्यंत पोचत नाही. म्हणून जुने हँडसेट फोडून आत छोटी एलईडी पट्टी आणि वर फिकट निळा जेल (लाईटपुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावला, सेल मागच्या बाजूला. कमेंट बोलताना त्या त्या पोराच्या चेहऱ्यावर खालून निळा उजेड येतो आणि बोलून झालं की जातो. मुलीच्या हातात आम्ही अख्ख्या नाटकात मोबाईल दिलाच नाही. तिच्यावर साधा पिवळा, घरातल्या बल्बसारखा. सीन पुढे जाईल तसा बाकी स्टेज मी डिमरवर हळूहळू खाली घेतो. आपल्याकडच्या नाटकांत जिच्यावर बेततं तिच्यावर नेहमी स्पॉट मारतात, ती रडते आणि आपण अंधारात बसून तिच्याकडे बघतो. म्हणजे त्या व्हिडिओत जे झालं तेच परत. मला हे अनेक वर्षं खटकायचं पण नक्की काय खटकतंय ते कळत नव्हतं. इथे उलटं केलं, उजेड बघणाऱ्यांवर.

तसं बघायला गेलं तर ही गोष्ट आपल्याकडे आधीच कोणीतरी करून ठेवलीय. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ चं. हौशी नटांचा ग्रुप, वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, बेणारेबाईंना आरोपी करतात आणि गंमत गंमत म्हणता म्हणता तिचं खासगी आयुष्य सगळ्यांसमोर फाडतात. आणि खेळ संपल्यावर म्हणतात, अहो खेळच होता, मनावर घेऊ नका. "जस्ट जोकिंग" हो! इंटरनेट नव्हतं तेव्हा, कमेंट सेक्शन होता.

आता नाटकातलं मला सगळ्यात आवडतं ते सांगतो. लीड करणारी पोरगी घरी तेलुगू बोलणारी, तिची आई विड्या वळते. संहितेत दुसऱ्या अंकात तिला चार पानी स्वगत होतं, मला का, माझा काय दोष वगैरे. ती ते चांगलं करायची, रडायचीपण खरं. एके दिवशी तीच म्हणाली, "ताई, मी असं कधीच बोलणार नाही. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही." मग काय करशील? म्हणाली, "विड्या मोजेन."

सीन आता असा आहे. आई आणि मुलगी समोरासमोर, मांडीवर सूप, तेंदूची पानं, तंबाखू. विडीची मजुरी हजारावर असते, म्हणून मोजणी महत्त्वाची. मुलगी मोजते. चुकते. परत पहिल्यापासून. परत चुकते. आई वर न बघता विचारते, "हजार झाल्या का गं?" एवढंच. आईला सगळं माहितीय हे आपल्याला कळतं, पण ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि मुलगी मोजत राहते, मधेच लांबून एक मागाचा खटका येतो आणि तिच्या हातातलं पान फाटतं. मानसिक धक्क्याबद्दल डॉक्टर लोक सांगतात ना की आठवण ओळीनं येत नाही, तुकड्यात येते, आवाजावरून वासावरून येते, लक्ष लागत नाही, अंग आधी दचकतं आणि डोकं नंतर. ते सगळं त्या सुपात आलं. चार पानांचं स्वगत गेलं. लेखक पोरगं दोन दिवस रुसलेलं होतं, चालायचंच.

पण असल्या सीनच्या रोज तालमी करायच्या म्हणजे त्या पोरीचं काय होत असेल याचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही. सात जण रोज दोन तास तिला टोमणे मारणार आणि मग "चल बाय, उद्या साडेसहाला". भूमिकेतून बाहेर काढायची पद्धत असते, नाट्योपचारात त्याला डी-रोलिंग म्हणतात, भूमिकेचं सामान उतरवून ठेवायचं, स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं, असं काय काय. आम्ही आमच्या पद्धतीनं केलं, तालीम संपली की त्या सातांपैकी ज्यानं सगळ्यात वाईट कमेंट केली त्यानं तिला चहा आणि भजी द्यायची, आणि तिनं त्याला खऱ्या नावानं हाक मारून नाटकाच्या बाहेरचं काहीतरी सांगायचं. पहिले दोन-तीन दिवस बावळट वाटलं. नंतर तर भांडणं व्हायला लागली की आज माझी कमेंट जास्त वाईट होती, आज भजी मी देणार.

आता शो.

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला गर्दी बरी होती. लाईट रूममधून प्रेक्षागृह मागून दिसतं, त्यामुळे कोण मोबाईल काढतं ते मला स्टेजपेक्षा आधी कळतं. तिसऱ्या घंटेनंतर मोबाईल बंद करायची घोषणा होते, ती कोणी ऐकत नाही. कमेंटचा सीन सुरू झाला आणि इकडे एक, तिकडे दोन, असे निळे चेहरे प्रेक्षागृहात उगवायला लागले. म्हणजे स्टेजवर जे आम्ही एलईडी लावून महागात करत होतो ते खाली फुकटात चालू. बरेच जण शूटिंग करत होते. या गावाला शूटिंगचं वेड आहेच, १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गच्ची गच्चीवर हात वर करून लोक उभे होते, चिमणी पडताना किती जणांनी नुसत्या डोळ्यांनी बघितली काय माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर लिंक आली. कोणीतरी त्या सीनचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा रील करून टाकला होता, मागे रडकं गाणं. इथपर्यंत ठीक होतं. संध्याकाळपर्यंत एका लोकल पेजनं तो उचलला आणि वर लिहिलं, "सोलापुरात तरुणीसोबत धक्कादायक प्रकार." नाटक आहे हे कुठेच नाही. आणि खाली कमेंट्स. तुम्हाला खरं वाटणार नाही पण आमच्या संहितेतलं "नंबर मिळेल का ताई" जसंच्या तसं तिथे होतं. कपड्यांवरून होतं. "पोरीचीपण चूक असेल" होतं. आणि एक मामाही होते, निंदनीय प्रकार म्हणून शेअर केलेला.

आम्ही सगळे टेन्शनमध्ये, तिला फोन कोण करणार. तिचाच आला. "दादा, वाचलं का? आपले डायलॉग बरे होते, निदान शुद्धलेखन तरी होतं." मी हसलो पण नंतर ती म्हणाली अम्माला शेजारच्या बाईनं दाखवलं आणि विचारलं की हे कधी झालं.

ग्रुपमध्ये यावर भांडण झालं, चांगलं कडकडून. दोघा-तिघांचं म्हणणं राहू दे ना, पब्लिसिटी होतेय, अंतिम फेरीपर्यंत नाव होईल. माझं आणि ताईंचं म्हणणं आत्ता काढायचं, पहिलं तिच्या अम्माकडे जायचं आणि मग बाकीचं. अम्माकडे गेलो. तिनं नाटक बघितलेलं नव्हतं, संध्याकाळी सहाला कोणाला सुट्टी असते. मुलीनं तिला स्वयंपाकघरात बसून पूर्ण दुसरा अंक तेलुगूत करून दाखवला. अम्मा म्हणाली ते विडीचं सूप असं धरत नाहीत. पुढच्या शोला बरोबर धरलं.

पेजवाल्याला मेसेज, रिपोर्ट, सगळं केलं, त्यानं काढलं. कॉप्या फिरतच राहिल्या. आमचं निदान नाटक तरी होतं. पण त्यानंतर शो संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये बायका येऊन हळूच विचारायला लागल्या, भाचीचं असं झालंय, मैत्रिणीचं झालंय, काय करायचं. मी लाईटवाला, मला काय विचारता, पण विचारतात, म्हणून माहिती काढून ठेवली ती इथेही टाकतो. पैसे मागत असतील, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून धमकावत असतील, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. मुलींच्या फोटो-व्हिडिओची तक्रार सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर नाव न सांगताही करता येते. आणि स्टॉप एनसीआयआय नावाची साईट आहे, २०२१ पासून, अठरा वर्षांवरच्यांसाठी. त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, तुमच्याच मोबाईलवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक-इन्स्टासारख्या सामील कंपन्यांकडे जातो, मग तोच फोटो कोणी तिथे टाकला तर ओळखून अडवतात. अठराच्या आतल्यांसाठी तसंच टेक इट डाऊन आहे. व्हॉट्सॲपवर माणसा-माणसांत फिरणारं यानं थांबत नाही, तिथे मामांनाच सुधारावं लागेल. फोटो डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, पोलीस तेच पहिलं विचारतात.

हा १९३० नंबर ग्रीन रूममध्ये सांगत होतो तर आमच्यातले एक ज्येष्ठ नट मेकअप पुसता पुसता म्हणाले, "अरे १९३० म्हणजे मार्शल लॉ की रे." सोलापूरकराला हा आकडा दुसरा काही सांगूच शकत नाही. मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथे लष्करी कायदा लावला आणि त्याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ज्या नाट्यगृहात आम्ही बसलो होतो ते त्यांच्याच नावाचं. दिल्लीत कोणीतरी हेल्पलाईनला सहज नंबर दिला असेल, इथल्या माणसाला पाठ करावा लागत नाही.

आता पुढचं. मला एक प्रश्न सतावतोय आणि तो अजून सुटलेला नाही. आम्हीही दुसऱ्याच्या जखमेवरच नाटक करतो ना. त्या पेजवाल्यात आणि आमच्यात फरक काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला, किलोला एक रुपया भाव लागला, गाडीभाडं हमाली तोलाई कापून हातात दोन रुपयांचा चेक आला. चेकचा फोटो देशभर फिरला, तुम्हीही बघितला असेल. ग्रुपमधला एकजण म्हणाला यावर एकांकिका करू, जबरदस्त विषय आहे. "जबरदस्त विषय" हे ऐकून मला त्या पेजवाल्याची आठवण झाली.

करणार आहोत, नाही असं नाही. पण ठरवलं असं की तो शेतकरी स्टेजवर आणायचा नाही. त्याचं नाव गाव, त्याच्यासारखा दिसणारा नट, काही नको. दाखवायचं ते चेकचा फोटो एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर कसा जातो ते, पुण्यातला पोरगा त्यावर मीम करतो, चॅनेलवाला विचारतो चेक परत एकदा हातात धरा, जरा वर, चेहरा दिसू दे, नेता कांद्याची माळ घालतो, आणि बाजारात त्याच दिवशी दुसऱ्या माणसाचा कांदा तेवढ्यालाच जातो पण त्याला चेक नाही, रोख मिळालेत, रोखीचा फोटो कोण काढणार. हा दुसरा माणूस आमचा नायक. हे माझ्या मते लिहिणाऱ्या पोराचं आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी डोकं आहे, त्याला तोंडावर सांगणार नाही.

आणि फरक काय याचं मला सुचलेलं अर्धवट उत्तर हे, की नाटकवाल्याला परवा परत तोच शो त्याच गावात करायचा असतो. ज्याच्यावर नाटक केलं तो माणूस, त्याची अम्मा, त्याचे शेजारी सातरस्ता चौकात भेटतात, विचारतात, सूप असं धरत नाहीत म्हणून सांगतात, आणि सुधारावं लागतं. पेजवाल्याला कोण भेटणार? अर्थात गावाच्या भीतीनं खरं बोलायचं टाळणारे नाटकवालेही आपल्याकडे कमी नाहीत, तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.

सध्या भांडण चालू आहे ते पुढच्या शोला दारात मोबाईल जमा करून घ्यायचे का यावर. ताई म्हणतात घ्या. माझं म्हणणं घेऊ नका, मोबाईलवाले चेहरे खाली असतील तरच नाटक पूर्ण होतं, फक्त शूटिंग करू नका एवढं त्या लीड करणाऱ्या पोरीनंच सुरुवातीला पडद्यासमोर येऊन स्वतःच्या नावानं सांगावं. ती म्हणते सांगते, पण तेलुगूतपण सांगणार. मतदान रविवारी आहे. आणि कांद्याच्या एकांकिकेला मला निळ्या उजेडाचे बरेच जास्त मोबाईल लागणारेत, घरात कोणाचे बंद पडलेले, स्क्रीन फुटलेले जुने हँडसेट पडले असतील तर टाकू नका, मला द्या, बॅटरी फुगलेली असेल तर ती मात्र आधी काढून घ्या.